उसनवारीची वही

ऑक्टोबर २००३ मध्ये मी पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. त्या दिवशी अंगावर आणि पाठीवर जे सामान होतं, त्यातलं माझं किती, याचा हिशेब मी पुढे अनेकदा मांडला आहे. सॅक नानांची. स्लीपिंग बॅग त्यांचीच. लोकरीचे मोजे मावशीने विणलेले. तिथवर ज्या बुटांनी चाललो, ते आईच्या भिशीच्या पैशांतून आलेले. माझ्या कमाईचं म्हणावं असं एक जॅकेट होतं, ते मी सातारला घरी ठेवून गेलो होतो, कारण ते बर्फात कामाचं नव्हतं. हा हिशेब आता लिहून काढावा असं वाटतं. तो फेडता येण्यासारखा नाही, पण कबूल तरी करता येतो.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. वडील एसटीत मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करायची. किल्ल्यावर आम्ही मुलं चपलांनीच चढायचो. डोंगरावर जायला वेगळं सामान लागतं हे ऐकूनही माहीत नव्हतं. नानांची ओळख अकरावीत झाली. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, शनिवार पेठेत राहायचे आणि सुटीच्या दिवशी आम्हा मुलांना डोंगरात न्यायचे. १९७४ मध्ये त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम केला होता. त्यांचं पूर्ण नाव मी इथे देत नाही. वर्तमानपत्रात आपलं नाव कधी येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती आणि ती आम्ही सगळ्यांनी पाळली.

डिसेंबर १९९८ मध्ये नानांनी आम्हाला वासोट्याला नेलं. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा आणि पलीकडच्या जंगलात शिरायचं. नानांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की जीन्स घालू नका, एक लोकरीचा स्वेटर बरोबर घ्या. मी जीन्सच घातली. स्वेटर जुनाट दिसतो म्हणून घरी ठेवला आणि सुती शर्टावर सुती शर्ट चढवला. उतरताना ओढ्यात पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत भिजलो. ऊन होतं तोवर काही वाटलं नाही. संध्याकाळी जंगलातली थंडी उतरली आणि मला हुडहुडी भरली. दात वाजत होते, बोटांना शर्टाची बटणं सोडवता येत नव्हती. नानांनी माझे ओले कपडे उतरवले आणि स्वतःची घोंगडी मला गुंडाळली. तीही कडेने ओली होती. तरी थोड्या वेळाने अंगात ऊब आली.

नाना तेव्हा रागावले नाहीत. चहा हातात दिल्यावर एवढंच म्हणाले, “सुती कपडा आधी पाणी पितो आणि मग तुझी ऊब पितो. लोकर तसं करत नाही. आपल्या धनगरांना हे कुणी शिकवायला लागलं नाही.”

त्या घोंगडीची गोष्ट मला नंतर समजली. माण-खटावकडे, तिकडे सांगलीच्या आटपाडी-जतकडे धनगर मेंढ्या कातरतात. ती लोकर सनगर मागावर विणतात आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. लोकरीचा धागा मुळातच कुरळा असतो, त्यामुळे त्याच्या वळणांत हवा अडकून राहते. आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के बाष्प लोकर पोटात घेते, तरी ती अंगाला ओली लागत नाही. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी होतो. उष्णतेच्या वहनावर परीक्षेत पानभर लिहिलं होतं. ते ज्ञान माझ्या अंगावरच्या कपड्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पुढे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत होतो. २००३ च्या सुरुवातीला नानांनी उत्तरकाशीच्या अभ्यासक्रमाचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला. ऑक्टोबरच्या तुकडीत प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं आणि त्यासोबत सामानाची यादी. काही वस्तू संस्था देणार होती, बाकीच्या आपण आणायच्या होत्या. ती यादी घेऊन मी सरळ नानांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. आपल्या पैशांनी, आपल्या पसंतीने सगळं घ्यावं आणि मग नानांना दाखवावं, असं मनात होतं. खरं सांगायचं तर नानांपेक्षाही कॉलनीतल्या मित्रांना दाखवायचं होतं.

एका रविवारी मी एकटाच पुण्याला गेलो. एका मोठ्या दुकानात काचेमागे लाल रंगाचं जॅकेट होतं आणि त्याच्या शेजारी जाड तळव्याचे बूट. जॅकेट घालून आरशात पाहिलं आणि मला मी गिर्यारोहक वाटलो. बूट जरा आवळत होते. “वापरून सैल होतात,” असं दुकानदार म्हणाला आणि मला ते ऐकायचंच होतं. दोन्ही मिळून ३,९०० रुपये झाले. माझ्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढे.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन शनिवार पेठेत गेलो. नानांनी जॅकेटला हात लावून पाहिलं. आत कापूस भरलेला होता. मग त्यांनी मला बूट घालायला सांगितले, नाड्या सोडून पाय पुढे सरकवायला लावला आणि टाचेमागे आपलं बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही.

“टाचेमागं एक बोट गेलं पाहिजे, तेही जाड मोज्यांवर,” ते म्हणाले. “उतरताना बोटं पुढं आपटून नखं काळी पडतील, ते परवडलं. पण बर्फात आवळ बूट म्हणजे रक्त बोटांपर्यंत जात नाही. हिमदंश होतो तो असा. बोटं जातात पोरा.”

मी बूट परत करायला पुण्याला गेलो. घातलेले बूट परत घेत नाही, असं उत्तर मिळालं. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. विचारायचं ते ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना मी विचारलं नव्हतं. त्या रात्री आईला सांगितलं की पैसे संपले आणि बूट नाहीत, या वर्षी जाणं राहू दे. आई काही बोलली नाही. आठवड्याने तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत त्या महिन्यात तिचा नंबर लागला होता. त्या पैशांतून तिला शिलाई मशिनला मोटार बसवून घ्यायची होती, हे मला माहीत होतं. तरी मी ते पैसे घेतले. पुढची तीन वर्षं आई पायानेच मशिन चालवत राहिली.

त्याच आठवड्यात नानांनी मला घरी बोलावलं आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढायला लावली. त्यात दोन सॅक, दोन स्लीपिंग बॅगा, कॅरीमॅट, गेटर, गॉगल, हातमोजे असं सामान डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवलेलं होतं. सगळ्यात वर लाल कापडी बांधणीची एक खतावणी. आत नानांच्या अक्षरात रकाने पाडलेले: वस्तू, कोणी नेली, कधी नेली, कधी आणली, आणि शेवटचा रकाना ‘काय झालं’. पहिली नोंद १९७९ ची होती. कराड, वाई, कोरेगाव, मिरज, इस्लामपूर, कुठकुठल्या मुलांची नावं त्यात होती. मी वाचत गेलो तेव्हा मला कळलं की ज्या सॅककडे मी आता बघतोय, ती माझ्याआधी चौदा जणांच्या पाठीवर हिमालयात जाऊन आलेली आहे.

“यातलं लागेल ते ने,” नाना म्हणाले. “बूट मात्र मी देणार नाही. बूट एकाच्याच पायाचे असतात. दुसऱ्याच्या पायाचं वळण त्यात बसलेलं असतं. ते तुझे तूच घ्यायचे, आणि तुझ्या पायात रुळवायचे.”

बूट घ्यायला ते माझ्याबरोबर पुण्याला आले. रविवारचा जुना बाजार होता. एसटीने जाताना खंबाटकी घाटात त्यांनी मला तेनझिंगची गोष्ट सांगितली. एव्हरेस्टच्या पहिल्या चढाईला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांत लेख येत होते. २९ मे १९५३ ला तेनझिंग नोर्गे माथ्यावर उभा होता, तेव्हा त्याच्या पायात स्विस बूट होते. मोजे त्याच्या बायकोने, आंग ल्हामूने विणलेले. स्वेटर हिमालयन क्लबच्या हेंडरसनबाईंनी दिलेला. डोक्यावरची लोकरीची टोपी अर्ल डेनमनची. १९४७ मध्ये हा माणूस तेनझिंगला घेऊन एव्हरेस्टकडे निघाला होता, पण यश न येता परतला होता. आणि गळ्यात रेमंड लँबर्टने दिलेला लाल स्कार्फ. १९५२ मध्ये लँबर्ट आणि तेनझिंग साधारण ८,६०० मीटरपर्यंत चढून माघारी फिरले होते. नानांनी हे सगळं एकेक वस्तू बोटावर मोजत सांगितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. उसन्या सामानाची मला लाज वाटत होती हे त्यांनी ओळखलं होतं. त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

जुन्या बाजारात आम्ही तीन तास फिरलो. फौजी बनावटीचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे कातडी बूट मिळाले, माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठे. नानांनी मला जाड मोजे घालून उतारावर चालायला लावलं. तिथे जिन्याच्या पायऱ्या होत्या, त्यांवर मी दहा वेळा वर-खाली केलं. दुपारी चारनंतरच पायाचं माप घ्यायचं, कारण तोवर पाय फुगलेला असतो, हेही तिथेच समजलं. बूट ६५० रुपयांना ठरले. सातारला राजवाड्याजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांनी त्यांची शिवण पक्की केली, आत नवा तळवा घातला आणि मेण व तेल एकत्र गरम करून कातड्यात कसं जिरवायचं ते दाखवलं. कशासाठी हवेत हे कळल्यावर त्यांनी फक्त सामानाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. “वरून आलास की दाखवायला आण,” एवढंच म्हणाले.

जुलै ते सप्टेंबर मी त्या बुटांनी चाललो. रोज पहाटे अजिंक्यतारा. रविवारी यवतेश्वर, मग हळूहळू कासपर्यंत. कास साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. जाताना चालत, येताना एसटी. बूट पावसात भिजायचे, वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलीत वाळवायचे, पुन्हा मेण लावायचं. पहिल्या आठवड्यात दोन्ही टाचांना फोड आले. तिसऱ्या आठवड्यात एकच. सप्टेंबरमध्ये कासला फुलं आली तेव्हा पायात बूट आहेत याची आठवणही राहत नव्हती.

उत्तरकाशीला पोचलो. संस्थेची स्थापना १९६५ ची. भागीरथीच्या खोऱ्यातली ती जागा पाहून जीव दडपला. देशभरातून आलेली मुलं, कित्येकांकडे नवं कोरं सामान. तेखलाच्या खडकांवर पहिले दिवस प्रस्तरारोहण झालं. मग साहित्यभांडारासमोर रांग लागली. बर्फावरचे प्लॅस्टिकचे बूट, क्रॅम्पॉन, आईस अॅक्स हे सगळं संस्थाच देते. माझा नंबर आल्यावर मी बूट घातले, पाय पुढे सरकवला आणि टाचेमागे बोट घातलं. पुढच्या मापाचा जोड मागितला. तिथल्या प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “किसने सिखाया?” मला नानांचं नाव सांगताना घशात काहीतरी दाटून आलं.

भुक्कीहून वर चढत आम्ही डोकरानी हिमनदीकडे गेलो. त्या प्रवासात मी काही पराक्रम केला नाही. विरळ हवेत माझं डोकं दुखायचं. आईस अॅक्स रोवून घसरण थांबवायच्या सरावात मी सर्वांत मागे होतो. पण अठ्ठावीस दिवसांत माझे पाय एकदाही बधिर झाले नाहीत. रात्री तंबूत मावशीचे मोजे घालून झोपायचो. शेवटी मला ‘ब’ श्रेणी मिळाली. पुढच्या अभ्यासक्रमाला ‘अ’ लागते. परतताना रेल्वेत मी सगळ्या वाटेत याच विचाराने खिन्न होतो की नानांना काय तोंड दाखवू. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बोटं बघू.” मी चपला काढल्या. दहाही बोटं त्यांनी खाली बसून निरखली. श्रेणीचं त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

यापुढचं सांगायला जड जातं. हिमनदीवरच्या एका रात्री स्लीपिंग बॅगची चेन गोठली होती. मी जोर लावून ओढली आणि तिचे चार-पाच दात वाकले. नंतर ती कधी लागायची, कधी मधेच सुटायची. सामान परत करताना मी बॅग नीट गुंडाळून ट्रंकेत ठेवली. वहीतल्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘ठीक’. मला भीती वाटली की नाना पुन्हा काही देणार नाहीत. पंधरा दिवसांनी कळलं की तीच बॅग घेऊन कोरेगावची एक मुलगी हिमाचलात चालली आहे. दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी नानांकडे जाऊन सगळं सांगितलं.

त्या दिवशी नाना माझ्यावर रागावले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर रागावले ते तेवढंच. “बूट फाटला तर दिसतो,” ते म्हणाले. “चेन मध्यरात्री सुटते. आणि तेव्हा तिथं तू नसतोस.” मग त्यांनी बॅग काढली, मला शिंप्याकडे पाठवलं, नवी चेन बसवून घेतली आणि वही माझ्यापुढे ठेवली. ‘ठीक’ हा शब्द खोडायचा नाही, असं सांगितलं. त्याच्यापुढे मी माझ्या हाताने लिहिलं, ‘खोटं लिहिलं होतं. चेन बिघडवली होती. बदलली.’ ती नोंद आजही वहीत तशीच आहे. नोकरीत पुढे यंत्रांच्या देखभालीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बिघाड लपवायचा मोह अनेकदा झाला. दर वेळी ती ओळ डोळ्यांसमोर आली. मी थोडाफार विश्वासाचा माणूस झालो असेन, तर तो त्या ओळीमुळे.

घोंगडीचा विषय पुढे पुन्हा एकदा निघाला. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. त्याच्या अंगावरच्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती करून २००६ मध्ये त्या एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिल्या गेल्या. रेशीम आणि लोकर यांचे पातळ थर एकावर एक चढवलेला तो जुना पोशाख चांगला उबदार निघाला. हे वाचलं तेव्हा मी कात्रण घेऊन नानांकडे गेलो. ते वाचून त्यांनी कोपऱ्यातल्या घोंगडीकडे बोट केलं.

२०१३ मध्ये साताऱ्याची प्रियांका मोहिते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. पुढे ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा आणि कांचनजुंगा ही शिखरंही तिने गाठली. आठ हजार मीटरांवरची पाच शिखरं चढणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या एव्हरेस्टनंतरच नानांच्या दारात मुलं जास्त यायला लागली, आणि त्यांत मुलीही पुष्कळ. नानांचे गुडघे तोवर थकले होते. २०१४ च्या दिवाळीत त्यांनी ट्रंक आणि वही माझ्या घरी पाठवून दिली. सोबत चिठ्ठी होती. तीत लिहिलं होतं की चेन तपासत जा.

२०१९ मध्ये नाना गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलन झालं. उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक त्यात सापडले आणि सत्तावीस जणांचे मृतदेह हाती आले. त्यांत सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत सर केले होते. त्या रात्री मी ट्रंक उघडून बसलो होतो. चांगलं सामान असलं म्हणजे डोंगर आपल्याला परत पाठवतोच असं नाही. आपल्या हातात तयारी तेवढी असते, आणि ती मनापासून करावी, एवढंच नानांनी शिकवलं होतं.

आता सामान घेणं सोपं झालं आहे. मोठी दुकानं आहेत, घरबसल्या मागवता येतं, भाड्यानेही मिळतं. तरी मुलं यादी घेऊन येतात तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बूट घ्यायला सांगतो, एक बोट मोकळं ठेवून, संध्याकाळच्या वेळी. जॅकेट शेवटी. आणि ते माझ्याकडून न्या, असंही सांगतो. तुमच्या घरी माळ्यावर एखादी सॅक, एखादी स्लीपिंग बॅग वर्षानुवर्षं पडून असेल, तर ती खाली काढा. झटका, ऊन दाखवा, चेन ओढून पाहा. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात कुणीतरी यादी हातात धरून थांबलेलं असेल.

नानांची ती सॅक सध्या मेढ्याच्या एका मुलीकडे आहे. वहीतली ती एकशे अठरावी नोंद. परतीची तारीख ३० मे आहे आणि शेवटचा रकाना अजून कोरा आहे.